वाळणे आणि वास

नेलपॉलिश लावणाऱ्या प्रत्येकीच्या दोन अपेक्षा असतात: ते चटकन वाळावे आणि त्याच्या वासाचा घरातल्यांना त्रास होऊ नये. या दोन अपेक्षा आपण वेगवेगळ्या धरतो आणि त्यांच्यावर उपायही वेगवेगळे शोधतो. वाळण्यासाठी पंखा, फुंकर, बर्फाचे पाणी. वासासाठी उदबत्ती, रूम फ्रेशनर, नाकाला पदर. नखावर घडणारी क्रिया मात्र एकच असते. बाटलीतला रंग पातळ राहतो तो त्यात मिसळलेल्या द्रावकामुळे. नखावर आल्यावर ते द्रावक हवेत उडून जाते, मागे घट्ट पापुद्रा उरतो आणि त्याला आपण वाळणे म्हणतो. जे उडून जाते ते नाकाशी येते आणि त्याला आपण वास म्हणतो. रंग जितका लवकर वाळेल तितका वास थोड्या वेळात, पण अधिक तीव्र येणार. एवढे मान्य केले की आपल्या हातात काय आहे ते स्पष्ट दिसू लागते: नखावर मुळात द्रावक किती घालायचे, आणि ते उडाल्यावर कुठल्या दिशेने घालवायचे.

मला या विषयाची आस्था आहे ती आमच्या घरामुळे. आईला दमा होता. वार्निश, डांबराच्या गोळ्या, फोडणीत जळलेली मिरची आणि नेलपॉलिश, यांपैकी कशानेही तिला धाप लागत असे. घर दोन खोल्यांचे, त्यामुळे नखे रंगवायची ती गॅलरीत, दार ओढून घेऊन. आईने मला नको असे कधी म्हटले नाही; उलट सण आला की तीच आठवण करून देई, "नखं रंगवून घे गं, पण दार लोटून घे." गौरी यायच्या आदल्या रात्री फराळाचे डबे भरून, साड्या काढून ठेवून, ओटा पुसून झाल्यावर घरातल्या बायका नखांकडे वळत, तोवर अकरा वाजून गेलेले असत. मग रंग पुरता वाळण्याआधीच अंग टाकले जाई आणि सकाळी नखांवर चादरीची वीण उमटलेली दिसे. हात रिकामे ठेवून, काहीही न धरता, काहीही न उचलता दहा-पंधरा मिनिटे बसणे ही गोष्ट संसारातल्या बाईला किती दुर्मीळ आहे, हे मला त्या रात्रींमुळे कळले. म्हणूनच रंग लवकर वाळावा ही मागणी मला कधीही क्षुल्लक वाटली नाही, आणि वास कमी यावा ही मागणी तर आमच्या घरी श्वासाशीच जोडलेली होती.

बहुतेक नेलपॉलिशचा पाया नायट्रोसेल्युलोजचा असतो. कापसातल्या किंवा लाकडातल्या सेल्युलोजवर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लांची क्रिया करून हा पदार्थ मिळवतात. त्याला नखाशी धरून ठेवणारी आणि चकाकी देणारी राळ, पापुद्रा तडकू नये म्हणून त्याला लवचीक ठेवणारे पदार्थ, रंगद्रव्ये, आणि ती रंगद्रव्ये तळाशी बसू नयेत म्हणून प्रक्रिया केलेली थोडी माती, असा बाकीचा मसाला असतो. लवचीकपणासाठी कित्येक नेलपॉलिशांत चक्क कापूर घालत आले आहेत. पण वजनाने पाहिले तर सर्वांत मोठा वाटा, साधारण सत्तर टक्के, द्रावकांचा असतो. म्हणजे ब्रशने आपण नखावर जे ठेवतो त्यातले निम्म्याहून कितीतरी अधिक नखावर राहतच नाही, ते खोलीतल्या हवेत जाते. या द्रावकांत मुख्य दोन: इथिल ॲसिटेट आणि ब्युटिल ॲसिटेट. पहिले ७७ अंश सेल्सिअसला उकळते आणि साध्या तापमानालाही भराभर उडते. दुसऱ्याचा उत्कलनबिंदू १२६ अंशांच्या आसपास आहे आणि ते रेंगाळते. बाटली उघडताच येणारा गोडसर, झणझणीत झोत मुख्यतः पहिल्याचा, आणि नंतर बराच वेळ बोटांभोवती राहणारा, पिकलेल्या फळाकडे झुकणारा वास दुसऱ्याचा. मग सगळेच इथिल ॲसिटेट का वापरत नाहीत, असा प्रश्न स्वाभाविकपणे पडतो. त्याचे कारण असे की रंग नखावर पसरून आपोआप सपाट व्हायला द्रावकाने थोडा वेळ थांबावे लागते. ते फार घाईने उडाले तर ब्रशचे ओरखडे तसेच राहतात, बुडबुडे अडकतात आणि दुसऱ्यांदा ब्रश फिरवताना रंग ओढला जातो.

हे इथिल ॲसिटेट आपल्या अगदी ओळखीच्या पिकातून येऊ शकते. उसाचा रस काढून साखर केल्यावर जी मळी उरते तिच्यापासून मद्यार्क करतात, आणि मद्यार्क व ॲसेटिक आम्ल यांच्या संयोगातून इथिल ॲसिटेट तयार होते. पुणे जिल्ह्यात नीरेला आणि रायगडमध्ये महाडला ते बनवणारे कारखाने आहेत. त्याचा फार मोठा भाग औषधे, छपाईची शाई आणि आवेष्टनाच्या उद्योगांना लागतो. नखांच्या वाट्याला येते ते अगदीच थोडे.

लवकर वाळावे ही ओढ या पदार्थाच्या इतिहासातच आहे. स्वित्झर्लंडमधल्या बासेलच्या ख्रिश्चन शोनबाइन यांनी १८४६ साली नायट्रोसेल्युलोज जगापुढे आणले ते स्फोटक म्हणून. पहिल्या महायुद्धानंतर त्याचे पातळ, रंगाला योग्य असे प्रकार अमेरिकेत विकसित झाले आणि १९२३च्या सुमारास ड्यूपाँ कंपनीच्या 'ड्युको' या लॅकरने, म्हणजे द्रावक उडून चटकन वाळणाऱ्या रंगाने, जनरल मोटर्सच्या गाड्या रंगू लागल्या. त्याआधी मोटारीला तेलाच्या वार्निशचे एकावर एक थर देऊन ते वाळण्याची वाट पाहण्यात आठवडे जात, आणि कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या गाड्यांची रांग रंगाच्या शेडशी येऊन तुंबे. नव्या लॅकरने ते काम दिवसांवर आणले. याच जातीचा रंग नखांवरही स्थिरावला. १९३२ साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेल्या रेव्हलॉनने पारदर्शक छटेऐवजी रंगद्रव्ये घातलेले दाट, अपारदर्शक नेलपॉलिश आणले आणि आजची आपली बाटली बरीचशी त्याच वळणाची आहे. आपल्याकडे १९५२ साली टाटांनी लॅक्मे सुरू केली आणि परदेशातून येणाऱ्या प्रसाधनांना देशी पर्याय मिळाला.

आता नखाकडे वळते. रंग न वाळण्याचे सर्वांत मोठे कारण बाटलीत नसून थराच्या जाडीत असते. जाड थर लावला की वरच्या पृष्ठभागातले द्रावक आधी उडते आणि तापलेल्या दुधावर साय धरावी तसा वर पापुद्रा धरतो. खालचे द्रावक त्या पापुद्र्यातून झिरपत झिरपत बाहेर यावे लागते. बोट लावून पाहिले तर रंग वाळलेला वाटतो, आणि तासाभराने पर्सची चेन ओढताना तो एका बाजूला सरकतो. द्रावकाला थरातून बाहेर पडायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. थर निम्मा केला तर वेळ निम्म्यावर नव्हे, जवळजवळ चौथाईवर येतो. त्यामुळे एका जाड थरापेक्षा दोन पातळ थर, मधला वेळ धरूनही, लवकर वाळतात. दुसऱ्या थरातले द्रावक पहिल्याला थोडे पुन्हा मऊ करते हे खरे, म्हणून दोन थरांमध्ये दोन-तीन मिनिटे थांबणे आवश्यक आहे. ब्रशची एक बाजू बाटलीच्या तोंडाला पुसून घ्यावी, नखाच्या मधोमध एक ओढ आणि दोन्ही कडांना एकेक अशा तीन ओढींत काम संपवावे, आणि पहिल्या थरातून नख दिसले तर दिसू द्यावे. वासाच्या दृष्टीनेही हाच उपाय पहिला आहे, कारण जे द्रावक नखावर घातलेच नाही ते हवेत येणार नाही. याच कारणासाठी मी फिकट, दुधाळ छटांपेक्षा एका-दोन पातळ थरांत झाकणारे गडद रंग पसंत करते. पांढरट गुलाबी रंगाला नख झाकायला तीन-चार थर लागतात, आणि तो शेवटपर्यंत मऊ राहतो.

जुन्या बाटलीचा मुद्दा यालाच लागून आहे. बाटली पुन्हा पुन्हा उघडली जाते तेव्हा तिच्यातले हलके द्रावक आधी निघून जाते आणि मागे जड द्रावक व घट्ट रंग उरतो. अशा रंगाची तार सुटते, तो जाडच लागतो आणि त्याचा वासही अधिक काळ राहतो. त्यात नेलपॉलिश रिमूव्हर ओतायची सवय पुष्कळ घरांत आहे. तो रंगाच्या घडणीतला नसल्याने आणि त्यात कधी पाणी, कधी तेलही असल्याने रंग फाटल्यासारखा होतो. त्यासाठी ॲसिटेटांचेच बनवलेले थिनर मिळते, त्याचे दोन-तीन थेंब पुरतात. लावण्याचे काम चालू असतानाही दोन नखांच्या मध्ये बाटली उघडी ठेवू नये, तोंडाशी साचलेला रंग पुसून झाकण घट्ट बसवावे; खोलीत पसरणाऱ्या वासाचा बराच भाग नखांवरून नव्हे, उघड्या बाटलीतून आणि रिमूव्हरने भिजलेल्या कापसाच्या बोळ्यांतून येत असतो. ते बोळे झाकणाच्या डब्यात टाकले तरी घरातला वास स्पष्ट कमी होतो.

वाळवण्याच्या घरगुती युक्त्यांपैकी काही खऱ्या आहेत आणि काही फक्त खऱ्यासारख्या वाटतात. पंख्याची साधी हवा खरी, कारण नखाभोवती साचलेली वाफ ती बाजूला सारते आणि नव्या वाफेला जागा करून देते. पण थर लावताच नखावर जोराचा झोत धरला तर वरचा पापुद्रा लवकर धरतो आणि बुडबुड्यांच्या खुणा राहतात. पहिले मिनिटभर रंगाला आपला आपण सपाट होऊ द्यावा. केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा याच कारणासाठी वाईट, त्याची थंड हवा लांबून चालते. बर्फाच्या पाण्यात बोटे बुडवल्याने मऊ पापुद्रा गार होऊन कडक वाटतो. द्रावक उडण्याचा वेग थंडीत उलट मंदावतो, त्यामुळे बोटे पुन्हा उबदार झाली की त्या कडकपणातला बराचसा निघून जातो. लगेच बाहेर पडायचे असेल तर तेवढ्यापुरता त्याचा उपयोग आहे. वाळवणारे थेंब म्हणून जे विकतात ते बहुधा हलक्या सिलिकॉन तेलांचे असतात. ते पृष्ठभाग निसरडा करतात, त्यामुळे कशाला घासले तरी रंग ओरबाडला जात नाही. खोबरेल तेलाचे बोट फिरवूनही थोडेफार हेच साधते. चटकन वाळणाऱ्या टॉप कोटचे काम निराळे आहे: तो खालच्या ओल्या थरांत शिरतो आणि सगळे मिळून एकच कडक पापुद्रा तयार होतो. तो खरोखर परिणामकारक असतो, पण त्यातली द्रावके तेजही असतात. तो लावायचा तर खिडकीशीच.

पावसाळ्यात नेलपॉलिश वाळत नाही, असे कोकणातल्या आणि मुंबईच्या बायका ठामपणे सांगतात. त्यांचा अनुभव खरा आहे, कारण मात्र वेगळे आहे. हवेत पाण्याची वाफ कितीही असली तरी ॲसिटेटांच्या उडण्याला ती फारशी अडवत नाही. अडचण अशी होते की द्रावक उडताना थर गार पडतो, दमट हवेतले पाणी त्या गार पृष्ठभागावर धरते आणि रंगात मिसळून त्याला धुरकट, पांढरट करते. फर्निचरला लॅकर मारणाऱ्या कारागिरांना हे नेमके ठाऊक असते. भर पावसात लॅकर पांढरे पडते म्हणून ते त्या दिवसांत काम टाळतात. शिवाय पाऊस आत येतो म्हणून खिडक्या बंद असतात, हवा खेळत नाही, आणि वास व वाळणे दोन्ही एकदमच अडते. अशा दिवसांत थर आणखी पातळ घ्यावा, आणि खोलीत एसी असेल तर हवा कोरडी करून घेऊन मगच बाटली उघडावी.

वास घालवण्याचा खरा उपाय वाऱ्याच्या दिशेत आहे, आणि आमच्या गॅलरीने मला तो शिकवला. छताच्या पंख्याखाली बसले की रंग वाळतो, पण वास सगळ्या खोल्यांत समान वाटला जातो. त्यापेक्षा उघड्या खिडकीशी, घराकडे पाठ करून, हात खिडकीकडे धरून बसावे आणि टेबलफॅन आपल्या मागे थोड्या अंतरावर मंद ठेवावा. म्हणजे घरातली हवा आपल्याला आणि हातांना ओलांडून बाहेर जाते. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन चालू करून त्याच्याजवळ बसणेही उत्तम, मात्र शेगडी पूर्ण बंद असली पाहिजे. इथिल ॲसिटेटची वाफ शून्याखालच्या तापमानालाही पेट घेऊ शकते आणि ती हवेच्या तिपटीने जड असल्याने जमिनीलगत साचते. म्हणून वास मारण्यासाठी उदबत्ती लावणे हे मला सर्वांत चुकीचे वाटते: तिच्या धुराने दमेकऱ्याचा त्रास वाढतो, आणि वाफेशेजारी निखारा ठेवल्यासारखे होते. देवघरात निरांजन तेवत असेल तर त्या खोलीत बाटली उघडूच नये. जमिनीवर खेळणाऱ्या लहान मुलांना तर आधी बाहेर न्यावे, कारण मोठ्यांच्या नाकाशी वास कमी वाटत असला तरी त्यांच्या उंचीला तो अधिक असतो.

वास कमी म्हणजे धोका कमी, हे समीकरणही मी मान्य करत नाही. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात २६ स्त्रियांची तपासणी झाली. नेलपॉलिश लावल्यावर १० ते १४ तासांनी त्यांच्या लघवीत ट्रायफेनिल फॉस्फेटपासून शरीरात तयार होणारा पदार्थ सुमारे सातपट वाढलेला आढळला. ट्रायफेनिल फॉस्फेट नेलपॉलिशमध्ये पापुद्रा लवचीक ठेवण्यासाठी घालतात, आणि त्याला नाकाला जाणवेल असा वास नसतो. टोल्युइन, फॉर्माल्डिहाइड आणि डायब्युटिल थॅलेट हे घातक मानलेल्या रसायनांचे त्रिकूट वगळल्याचे आता बाटल्यांवर अभिमानाने छापतात आणि ते वगळले गेले हे चांगलेच झाले. परंतु 'फाइव्ह-फ्री', 'टेन-फ्री', म्हणजे पाच किंवा दहा रसायने वगळलेले, या शब्दांची सर्वमान्य व्याख्या नाही आणि अशा बाटलीतही ॲसिटेटे असतातच. घटकांची यादी वाचणे हाच त्यावर मार्ग आहे.

ज्यांना वास अजिबातच सोसत नाही त्यांच्यासाठी पाण्याच्या आधारावर बनवलेले नेलपॉलिश मिळते. त्यात ॲक्रिलिक किंवा पॉलियुरेथेनचे सूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. पाणी निघून गेले की ते एकमेकांत मिसळून पापुद्रा होतो. वास नावापुरता. पण पाण्याला उडण्यासाठी ॲसिटेटांपेक्षा कितीतरी अधिक उष्णता लागते, आणि दमट हवा त्याला खरोखरच अडवते. पुण्यात मार्च-एप्रिलच्या कोरड्या दुपारी ते चांगले वाळते, रत्नागिरीत आषाढात ते दुपारपासून संध्याकाळपर्यंत चिकट राहू शकते. भांडी घासणाऱ्या हातांवर ते फार टिकत नाही, हेही सांगितले पाहिजे. तरी दमेकरी घरासाठी आणि लहान मुलींसाठी मी तेच सुचवते.

जेल नेलपॉलिशबद्दल माझे मत इतके अनुकूल नाही. त्यात उडून जाण्यासारखे द्रावक जवळजवळ नसते, अतिनील किरणांच्या दिव्याखाली मिनिटाभरात ते कडक होते आणि वास येत नाही. म्हणजे वरवर पाहता दोन्ही अपेक्षा पुऱ्या झाल्या. पण तिथे वाळण्याऐवजी रासायनिक जोडणी होते, आणि जेलमधली ॲक्रिलेटे नावाची रसायने अर्धवट जोडलेली असताना त्वचेला लागली तर ॲलर्जी जडू शकते. एकदा जडली की ती बहुधा जन्मभर राहते, आणि दातांच्या कामातही त्याच कुळातले पदार्थ वापरत असल्याने तिथेही अडचण येऊ शकते. प्रकाशाने जोडणी सुरू करणारे टीपीओ नावाचे रसायन युरोपीय संघाने १ सप्टेंबर २०२५पासून प्रसाधनांत बंद केले आहे. शिवाय जेल काढताना बोटे ॲसिटोनमध्ये दहा-पंधरा मिनिटे भिजत ठेवावी लागतात, तेव्हा वाचलेला सगळा वास एकदम भेटतो.

घरात आपण महिन्यातून काही वेळा बाटली उघडतो. पार्लरमधली मुलगी दिवसभर उघड्या बाटल्यांच्या पुढ्यात बसते. आपल्या शहरांतली कित्येक पार्लरे तळमजल्यावरच्या एका खोलीत असतात, एसीसाठी खिडक्या बंद, आणि एसी तीच हवा गार करून पुन्हा फिरवत राहतो. अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय यांत्रिकी संहितेत, म्हणजे इमारतींत हवा खेळती ठेवण्यासारख्या गोष्टींच्या नियमावलीत, नखांच्या प्रत्येक टेबलाशी मिनिटाला ५० घनफूट हवा ओढून बाहेर टाकावी आणि ओढणारे तोंड काम चालते तिथून १२ इंचांच्या आत असावे, अशी तरतूद आहे. यात महागडे असे काही नाही. वाफ जिथे सुटते तिथेच धरायची, खोलीभर पसरू द्यायची नाही, एवढेच तत्त्व त्यामागे आहे, आणि आपल्याकडच्या पार्लरांनाही ते परवडण्यासारखे आहे. मी पार्लरमध्ये जाते तेव्हा खिडकीजवळचे टेबल मागते आणि खिडकी उघडायला सांगते. उकाडा होईल, ताई, असे तिथली मुलगी म्हणते. चालेल, मला दोन पातळ थरच दे आणि तूही खिडकीच्या बाजूला बस, असे मी तिला सांगते.